राजाच्या ताटातलं तिखट : कोरियातले सात दिवस

सोमवार

दारातल्या मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मी एक बोट वर केलं. तिने दोन बोटं दाखवली आणि दोन्ही हातांची छातीसमोर फुली केली. सोलमधली पहिली संध्याकाळ, सकाळपासून पोटात बँकॉकच्या विमानतळावरचं एक सँडविच, आणि एकटी आहे म्हणून मला जेवायला बसू देत नव्हते.

"एकटीच?" हा प्रश्न पुण्यात बँकेतल्या सहकाऱ्यांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांचा विचारून झाला होता. खरं उत्तर साधं होतं. मैत्रिणीच्या मुलीची परीक्षा निघाली, माझा व्हिसा झालेला, तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. बाकीची उत्तरं जरा तोऱ्यात दिली होती. पण हाच प्रश्न कोरियातले हॉटेलवालेही विचारतील, हे डोक्यातच आलं नव्हतं. तिथे बऱ्याच पदार्थांचे माणशी वाटे ठरलेले असतात आणि निदान दोन वाटे घ्यावेच लागतात. शिवाय मुख्य पदार्थाबरोबर पाच-सात वाट्या येतात, त्यांना 'बानचान' म्हणतात. त्या फुकट, आणि संपल्या की पुन्हा भरून देतात. आपल्या ताटातली डावी बाजूच म्हणा. एका डोक्यामागे एवढा पसारा मांडणं परवडत नसणार, हे बँकवालीला पटलं. पोटाला पटलं नाही.

एकट्याने जेवण्याला तिकडे 'होनबाप' असा खास शब्द आहे. 'होनजा' म्हणजे एकटा, आणि 'बाप' म्हणजे भात. हा बाप पुढे आठवडाभर माझ्या डोक्यात बसणार होता.

दोन गल्ल्या सोडून चार टेबलांचं एक दुकान दिसलं. तिथल्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली आणि स्टीलचा पेला समोर आदळला. मी भिंतीवरचं पहिलं नाव अक्षर लावत वाचलं : सु-जे-बी. (हांगुल लिपी शिकायला दोन रविवार पुरतात. साध्या माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणूनच सेजोंग राजाने ती 1446 मध्ये जाहीर केली. वाचलेल्याचा अर्थ कळत नाही, ही गोष्ट वेगळी.) समोर आलं ते पाहून मी हसलेच. सुक्या मासळीच्या आणि समुद्री शेवाळाच्या पातळ पाण्यात बटाटा, झुकिनी आणि हाताने तोडून टाकलेले मैद्याच्या पिठाचे तुकडे. वरणफळं! आमच्याकडे वरणात, इथे मासळीच्या पाण्यात, एवढाच फरक.

शेजारच्या टेबलावरचा माणूस बाईंना 'इमो' अशी हाक मारत होता. इमो म्हणजे आईची बहीण. खानावळीतल्या बाईंना मावशी म्हणायची रीत साडेपाच हजार किलोमीटरवरही तीच निघाली. मग मीही म्हटलं, "इमो, किमची?" वाटी पुन्हा भरून आली. शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट इथेच सांगते : किमचीत बहुतेक वेळा खारवलेली बारीक कोळंबी किंवा मासळीचं पाणी असतं. दिसत नाही, पण असतं.

मुक्काम सॉचोन भागातल्या एका हानोकमध्ये होता. हानोक म्हणजे जुन्या धाटणीचं लाकडी घर. कागद लावलेली सरकती दारं, पलंग नाही, जमिनीवर गादी. जमीन खालून तापवलेली असते. पूर्वी चुलीची ऊब आणि धूर जमिनीखालच्या दगडी पोकळ्यांतून फिरवून पलीकडच्या धुराड्याने बाहेर सोडत. आता गरम पाण्याचे नळ असतात. नाव तेच राहिलं आहे, 'ओन्दोल'. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवावी तशी पाठ शेकत झोपले.

मंगळवार

सकाळी साडेनऊला मी ग्यॉन्गबोकगुंगच्या भव्य दारासमोर उभी. दार बंद. 'गुंग' म्हणजे राजवाडा. सोलमध्ये असे पाच मोठे राजवाडे आहेत, आणि हा सगळ्यांत मोठा मंगळवारी बंद असतो. हे मी वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. पण विमानात एक रात्र हरवली आणि माझा मंगळवार अजून सोमवारच चालू होता. माझ्यासारखीच एक फ्रेंच आजी दाराकडे बघत उभी होती. आम्ही दोघींनी एकमेकींचा फोटो काढला, बंद दारासकट.

मग बस पकडून छांगग्यॉन्गगुंगला गेले. (तिथे चालत जायचं असेल तर गुगलच्या नकाशावर विसंबू नका, 'नेव्हर'चा नकाशा फोनवर घ्या.) तिकीट 1,000 वॉन, म्हणजे साठेक रुपये. गर्दी नाही. इथला दरबार-महाल 1616 मधला, सोलच्या राजवाड्यांतल्या मुख्य महालांत सगळ्यांत जुना. त्याच्या बाजूला मुन्जॉन्गजॉन नावाची एक लहान इमारत आहे. तिच्यापुढचं अंगण साधंच, फरशीवर पिवळी पानं पडलेली.

1762 च्या उन्हाळ्यात, याच अंगणात म्हणतात, यॉन्गजो राजाने आपला मुलगा सादो याला तांदूळ साठवायच्या लाकडी पेटीत शिरायला लावलं. सादो सत्तावीस वर्षांचा युवराज. मनाने आजारी होता, त्याच्या हातून माणसं मेली होती. बापाला तो गादीवर नको होता. पण राजपुत्राला देहदंड दिला, तर गुन्हेगाराचा वारस म्हणून नातवाचाही हक्क जाणार. म्हणून ही पेटी. आठ दिवसांनी सादो आतच गेला. दहा वर्षांचा नातू आजोबांपुढे गयावया करत होता.

मी लहानपणी शनिवारवाड्यापासून दहा मिनिटांवर राहिले. 'काका, मला वाचवा' ही हाक आम्ही पोरं अमावस्येच्या रात्री एकमेकांना ऐकवायचो. नारायणरावांचा खून 1773 चा. म्हणजे अवघ्या अकरा वर्षांच्या अंतराने दोन राजवाड्यांत घरच्याच माणसामुळे घरातला मुलगा गेला. इथेही हाकेची गोष्ट आहेच. सॉनिनमून दाराजवळ एक पोकळ खोडाचं जुनं झाड आहे, सादोचा आक्रोश ऐकून त्याचं खोड फाटलं असं सांगतात. पुण्यात भिंती ऐकतात, इथे झाडं.

मुन्जॉन्गजॉनची आत्ताची इमारत 1986 मध्ये पुन्हा बांधलेली आहे. कारण मधल्या काळात इथे प्राणिसंग्रहालय होतं! 1909 मध्ये जपान्यांनी राजवाड्याचं रूपांतर बागेत आणि पिंजऱ्यांत करून टाकलं, आणि प्राणी इथून हलले ते थेट 1980 च्या दशकात. त्या काळातलं पांढऱ्या लोखंडी चौकटीचं काचघर अजून उभं आहे. सुंदर आहे, आणि तेच खटकतं.

बाप म्हणजे भात, आणि इथल्या बापाने तांदळाच्या पेटीत... ही कोटी मनात आली आणि माझीच मला लाज वाटली. तशीच भूक लागल्यावर वीस मिनिटं चालत ग्वांगजांग बाजारात गेले.

1905 मध्ये सुरू झालेल्या या बाजारात छताखाली मध्यभागी खाण्याच्या टपऱ्यांची ओळ आहे. एका टपरीवर मोटरवर फिरणाऱ्या जात्यातून भिजवलेले मूग वाटून पिवळसर घट्ट पीठ खाली बादलीत ओघळत होतं. मावशी त्यात मोड आलेले मूग आणि चिरलेली किमची कालवून पळीभर पीठ तव्यावर टाकत होत्या. तव्यावर तेल एवढं, की आपल्याकडे भजी तळून झाली असती. हे 'बिंदेत्तोक', म्हणजे मुगाचं धिरडं. बोटभर जाड, कडेला कुरकुरीत, आत मऊ. सोबत सोया सॉस आणि व्हिनेगरमध्ये मुरलेला कांदा. बसायच्या बाकालाही खालून ऊब होती. इथे कुणी "किती जण?" विचारलं नाही. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात मला कोंबलं.

बुधवार

आज दार उघडं. दहाला पहारेकऱ्यांच्या बदलीचा समारंभ झाला. ढोल, शंख, लाल-निळे झगे, चिकटवलेल्या दाढ्या. रेखीव होता, पण दहा मिनिटांत माझं लक्ष गर्दीतल्या पोरींकडे गेलं. कोरियन पोशाख, हानबोक, घालून आलं तर प्रवेश फुकट. त्यामुळे भोवतालच्या दुकानांतून भाड्याने घेतलेल्या घेरदार झग्यांत मलेशियन, फिलिपिनो, कझाक अशा सगळ्या राजकन्या फिरत होत्या. नऊवारीला सवलत नाही. मी 3,000 वॉन भरले.

ग्यॉन्गबोकगुंग 1395 मध्ये जोसॉन घराण्याच्या पहिल्या राजाने बांधला. 1592 मध्ये जपानच्या स्वारीच्या वेळी तो जळाला आणि पावणेतीनशे वर्षं तसाच ओसाड पडून होता. 1867 मध्ये पुन्हा उभा राहिला. मग वसाहतीच्या काळात जपान्यांनी शेकडो इमारती पाडल्या आणि अगदी समोर आपल्या सरकारचं दगडी मुख्यालय ठोकून दिलं. ते 1995-96 मध्ये पाडलं. आता एकेक इमारत जुन्या नोंदी आणि नकाशे बघून परत बांधताहेत. पुढचं मोठं दार, ग्वांगह्वामून, 1968 मध्ये काँक्रीटचं केलं होतं. ते काढून 2010 मध्ये लाकडाचं केलं.

हे कळल्यावर बघण्यातला माझा भाव बदलला, चांगला की वाईट ते सांगता येत नाही. छताखालचे हिरवे-तांबडे रंग इतके ताजे, की वास यावा. शनिवारवाड्यात 1828 च्या आगीनंतर उरलेली जोती पाहत आम्ही वाढलो. जोत्यावर मनातल्या मनात वाडा चढवायची सवय लागलेल्या माणसाला आयता वाडा समोर आला की जरा हिरमुसायला होतं. पण मग एक शाळेची सहल आली. चाळीस पोरं वही-पेन्सिल घेऊन दरबाराच्या अंगणात बसली आणि बाईंनी राजा कुठे बसायचा, कुठल्या हुद्द्याचा अधिकारी कुठल्या दगडापाशी उभा राहायचा हे दाखवलं. दोन्ही बाजूंना तसे खुणेचे दगड रांगेने रोवलेले आहेत. आम्हाला सहलीला कारंज्याच्या खड्ड्याभोवती फिरवायचे.

अंगणातली फरशी मुद्दाम खडबडीत ठेवलेली आहे. गुळगुळीत दगडावरून ऊन डोळ्यांवर येतं आणि पावसात पाय घसरतो. फरशीत मध्येच लोखंडी कड्या दिसतात, त्या मांडवाच्या दोऱ्या बांधायला. पण मला सगळ्यांत आवडलं ते दरबाराच्या कोपऱ्यांपाशी ठेवलेलं धातूचं मोठं घंगाळ. त्यात पाणी भरून ठेवत. आग विझवायला नाही, तेवढ्या पाण्याने काय होणार? आगीचं भूत आलं की पाण्यात स्वतःचं भेसूर तोंड बघून घाबरून पळून जाईल, म्हणून. मी वाकून पाहिलं. रात्रभर झोप न झालेलं तोंड. भूत पळालं असतं.

राजाचं स्वयंपाकघर, 'सोजुबांग', 2015 मध्ये पुन्हा बांधलं. रोजच्या जेवणाचं वेगळं, समारंभाचं वेगळं, गोडाधोडाचं वेगळं. राजाला दिवसातून पाच वेळा खाणं असायचं, पण पूर्ण ताटं दोनच, सकाळ-संध्याकाळ. त्या ताटात दोन प्रकारचे भात आणि बारा वाट्या. आधी एक दासी प्रत्येक पदार्थ चाखायची. भांडी-चमचे चांदीचे, कारण विष असलं तर चांदी काळवंडते असा समज. राजाचं जेवण झालं की उरलेलं दासींकडे जायचं. ते वाया नाही, आणि उष्टंही म्हणायचं नाही. राजाचा प्रसादच.

राण्यांच्या महालामागे उतारावर चार सहाकोनी धुराडी आहेत. विटांमध्ये फुलं, पक्षी, हरणं बसवलेली. जमीन तापवणाऱ्या त्याच ओन्दोलचा धूर इथून निघायचा. धूर बाहेर सोडायच्या नळकांड्यावर एवढी नक्षी! जिला बाहेर पडता येत नव्हतं तिला खिडकीतून तेच दिसायचं, असं माझ्या मनात आलं.

दुपारी तोंगीन बाजारात तेलात परतलेलं त्तोकबोक्की खाल्लं. हे तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्यांचं. एक लाल मिरचीचं, एक सोया सॉसचं, अर्धं-अर्धं घेता येतं. सोया सॉसचं आधीचं, राजवाड्यातलंही तसंच बिनमिरचीचं असे. मिरची कोरियात आली ती सोळाव्या शतकाच्या शेवटी-शेवटी, त्याच जपानी स्वारीच्या आगेमागे. आपल्याकडेही ती त्याच शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरली. म्हणजे किमची आणि ठेचा, दोन्हींची पुरातन परंपरा म्हणून मिरवणारी लाली चारेकशे वर्षांची.

गुरुवार

छांगदॉकगुंग. 1405 चा, 1997 पासून जागतिक वारसा यादीत. मागच्या बागेचं, हूवॉनचं, तिकीट वेगळं (5,000 वॉन). दिवसाला ठरावीकच माणसं सोडतात आणि नोव्हेंबरात ते मिळवणं म्हणजे दिवाळीतलं कोकण रेल्वेचं आरक्षण. मी बरोबर सहा दिवस आधी पुण्यातून पहाटे अलार्म लावून मिळवलं होतं.

बाग म्हणजे आखीव वाफे नव्हेत. डोंगराची सोंड जशी उतरते तशी ठेवून मधे-मधे तळी आणि मंडप पेरलेत. पहिलं तळं चौकोनी, त्यात गोल बेट, कारण पृथ्वी चौकोनी आणि आकाश गोल. वर टेकडीवर दुमजली इमारत, तिच्या खालच्या मजल्यावर 1776 मध्ये ग्रंथालय सुरू झालं. सुरू करणारा राजा जॉन्गजो. म्हणजे तोच, पेटीबाहेर रडणारा दहा वर्षांचा नातू. गादीवर आला त्याच दिवशी त्याने दरबाराला सांगितलं की मी सादोचा मुलगा आहे.

अगदी आत ओढ्याकाठी एक गवताने शाकारलेला मंडप आहे आणि समोर भाताचं खाचर, आपल्या कोकणातल्या परसाएवढं. राजा इथे स्वतः भात लावायचा, शेतकऱ्याचे कष्ट कळावेत म्हणून. छपराचा पेंढा याच भाताचा. कापणी झालेली होती, खाचरात धसकटं उरली होती. मार्गदर्शक मुलगी म्हणाली, फोटो काढायला पंधरा मिनिटं आहेत. बाकी सगळे लाल मेपलकडे धावले. मी धसकटं बघत बसले. रायगडच्या माझ्या आजोळी नोव्हेंबरात हेच दिसतं, फक्त त्यात वाल पेरलेला असतो.

परतताना राजाच्या निवासाचं दालन पाहिलं. 1917 मध्ये इथे आग लागली, तेव्हा दुरुस्तीसाठी ग्यॉन्गबोकगुंगमधले राजा-राणीचे खरे महाल सोडवून त्यांचं लाकूड इथे आणून लावलं. म्हणजे काल मी पाहिला तो महाल नवा, आणि त्याचा खरा देह इथे, दुसऱ्याच्या घरात, मोटार उभी राहील अशा पोर्चसकट. कालचं हिरमुसणं कमी झालं. खरं कुठलं आणि नवं कुठलं, हे इथे वेगळं काढताच येत नाही.

शुक्रवार

सकाळी दॉकसुगुंग. पाश्चात्त्य धाटणीची दगडी इमारत बांधून पूर्ण झाली 1910 मध्ये, आणि त्याच वर्षी देश जपानच्या ताब्यात गेला. यापलीकडे आज मन नव्हतं, कारण दुपारी राजवाड्याच्या पद्धतीचं जेवण होतं. चार ठिकाणी दोन माणसांची अट, पाचव्याने एकटीला हो म्हटलं. खर्च? माझ्या बाकीच्या सहा दिवसांच्या जेवणाएवढा.

हे पदार्थ उरले कसे, त्याची कथा पदार्थांहून चांगली आहे. राज्य गेलं, राजवाडे रिकामे झाले, आणि राजघराण्याच्या स्वयंपाकघरात लहानपणापासून काम केलेली शेवटची दासी हान ही-सून हयात होती. ह्वांग हे-सॉन्ग नावाच्या प्राध्यापक बाईंनी तिच्याकडून वर्षानुवर्षं शिकून सगळं लिहून काढलं. 1971 मध्ये सरकारने राजवाड्यातल्या स्वयंपाकाला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि हान ही-सून यांना त्याची वारसदार ठरवलं. महाल जुने नकाशे बघून परत बांधता येतात. इथे सगळा नकाशा एका म्हातारीच्या हातात होता.

पहिल्यांदा आलं 'ताराकजुक' : तांदूळ वाटून दुधात शिजवलेली पातळ पेज. साखर नाही, किंचित मीठ. राजाला अशक्तपणात देत. माझ्या आजीने आजारपणात दिलेल्या दुधातल्या पेजेची चव जिभेवर जशीच्या तशी आली आणि मला क्षणभर पुढचं ताट नकोच वाटलं. मग नऊ कप्प्यांचा लाखेचा डबा : मधल्या कप्प्यात कागदासारखी पातळ घावनं, भोवती आठ रंगांच्या बारीक चिरलेल्या भाज्या, अंड्याच्या पट्ट्या. घावनात थोडं-थोडं घेऊन गुंडाळायचं. ('सोगोगी आन मोगोयो', गोमांस खात नाही, हे वाक्य मी पाठ करून गेले होते. त्यांनी तो कप्पा मशरूमने भरून दिला.)

तिसरं होतं 'तांगप्यॉन्गचे'. मुगाच्या सत्त्वाच्या पारदर्शक वड्यांच्या पट्ट्या, हिरवं, लाल, काळं काहीबाही एकत्र कालवलेलं. दरबारात भांडणाऱ्या गटांना समान वागवायचं असं यॉन्गजो राजाचं धोरण होतं, आणि त्याचा दाखला म्हणून वेगवेगळ्या रंगांचा हा पदार्थ त्याने मांडला अशी गोष्ट सांगतात. यॉन्गजो. पेटीवाला! बावन्न वर्षं राज्य, एक्याऐंशी वर्षांचं आयुष्य, खाण्याच्या बाबतीत काटकसरी, पाच जेवणांची त्याने तीन केली. आणि दरबारी नोंदींत आहे, की म्हातारपणी त्याला जेवण जाईना तेव्हा त्याला लागायचं ते फक्त गोचुजांग, लाल मिरचीचा आंबवलेला लगदा. राजाच्या ताटात मिरची शेवटी याच्या जिभेवरून आली. दरबारातले गट एका वाडग्यात कालवणारा, तोंडी लावायला तिखट मागणारा हा म्हातारा माझ्या घरातला कुणीही वाटला असता. पेटी तेवढी मध्ये आली.

ताटातलं सगळं सौम्य होतं, नाजूक, थोडं अळणी. चौथ्या पदार्थाला मी हळूच गोचुजांग मागितलं. वाढणारी मुलगी हसली नाही. पण आणून दिलं.

शनिवार

मेट्रोची एक नंबरची गाडी तासाभरात सुवॉनला सोडते. जॉन्गजोने बापाचं थडगं 1789 मध्ये इकडे हलवलं आणि 1794 ते 1796 मध्ये गावाभोवती तटबंदी उभारली. पावणेसहा किलोमीटर, सबंध फिरता येते. मी निम्मी फिरले आणि गुडघ्याने निषेध नोंदवल्यावर खाली उतरले. कामाचा जमाखर्च, मापं, कारागिरांची नावं असं सगळं तेव्हाच छापून ठेवलेलं होतं. त्याच्याच आधारावर 1970 च्या दशकात पडझड झालेले भाग परत बांधले.

तटाच्या आत राजाच्या मुक्कामाचा वाडा आहे. तिथे 1795 मध्ये जॉन्गजोने आईची साठी केली. सादोची ती बायको, वय तेच, तो असता तर दोघांची एकत्रच झाली असती. साठ वर्षांचं चक्र पूर्ण होणं हे कोरियातही मोठंच, आपल्या षष्ट्यब्दीसारखं, आणि नावांची साठ वर्षं त्यांच्याकडेही आहेत. सोलहून निघालेली मिरवणूक जाऊन-येऊन आठ दिवसांची होती. पेटीतले दिवसही आठ. हे मुद्दाम होतं की योगायोग, ठाऊक नाही, पण मोजल्याशिवाय राहवलं नाही.

दालनात त्या समारंभाचा देखावा मांडला आहे, ताटांवर फळांचे आणि पोळ्यांचे उंच-उंच मनोरे. बाहेर मुख्य दारापाशी राजाने त्या वेळी गोरगरिबांना तांदूळ वाटले. अंगणात एका बाजूला तांदळाची लाकडी पेटी ठेवली आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. साधारण आपल्या जुन्या घरातल्या धान्याच्या कोठीएवढी, झाकण जाड. एक बाबा आपल्या पाचेक वर्षांच्या मुलाला उचलून आत डोकावायला लावत होता. मुलगा खिदळत होता.

सुवॉन बीफच्या बरगड्यांसाठी प्रसिद्ध. ते माझ्या कामाचं नाही, म्हणून कोंबडीच्या गल्लीत गेले. लोखंडी कढईत अख्खी कोंबडी तळतात. एकटीने अख्खी कोंबडी? दुकानदाराने एक बोट वर करून विचारलं, "होनजा?" मी म्हटलं, होनजा. त्याने अख्खीच दिली आणि उरलेली बांधून घ्यायला आधीच पिशवी समोर ठेवली.

रविवार, आणि नंतर

निघताना हानोकच्या मालकीणबाईंनी विचारलं, "बाप मोगॉस्सॉयो?" जेवलीस का? बाई सत्तरीच्या, इंग्रजीचा गंध नाही. तिथे हे निव्वळ ख्यालीखुशालीचं वाक्य आहे, पण उत्तराची वाट न बघता त्यांनी मला अंगणातल्या मातीच्या रांजणांपाशी नेलं आणि घरचं गोचुजांग एका प्लास्टिकच्या डब्यात भरून दिलं. मिरची, आंबवलेलं सोयाबीन, चिकट तांदूळ, माल्ट, मीठ. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेव, हातातल्या नको, असं खुणेने सांगितलं. विमानतळावर ते द्रवात मोजतात.

मी सांगितल्याप्रमाणे मोठ्या बॅगेत ठेवलं, कुडत्यात गुंडाळून. झाकण नीट लागलं नव्हतं. पुण्यात बॅग उघडली तर पांढऱ्या कुडत्याच्या पाठीवर तळहाताएवढा लाल डाग, आणि घरभर आंबूस-तिखट वास. आईने स्वयंपाकघरातून येऊन आधी डाग पाहिला, मग डबा. बोटाला लावून चाखलं. पुन्हा चाखलं. भाकरीचा तुकडा आणून त्यावर लावून चाखलं.

"तिखट काही नाही यात," ती म्हणाली. "आणि गूळ कुणी घातला?"